अठ्ठावन्न पिचचा प्रोपेलर: घरी बांधलेल्या एका दोन-आसनी विमानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

विमान दोन आसनांचं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं, पंख खाली आणि नाकाखाली चाक असलेलं. पूर्ण भारासह वजन ६०० किलो. इंजिन कॉन्टिनेन्टल ओ-२००-ए, म्हणजे चार सिलिंडर आणि २७५० आरपीएमला (मिनिटाला फेरे) १०० अश्वशक्ती. मध्ये गिअरबॉक्स नाही, क्रँकशाफ्टच्या तोंडावर थेट प्रोपेलर. बांधणाऱ्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. आयुष्य लेथवर गेलेलं, त्यामुळे मायक्रोमीटरवर विश्वास आणि गणितावर संशय. गणितं आणि चाचणी-उड्डाणांच्या नोंदी माझ्याकडे होत्या. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

विमानावर पहिल्यापासून बसवलेला प्रोपेलर दोन पात्यांचा, लाकडी, ६६ इंच व्यासाचा आणि ५८ इंच पिचचा होता. एका वेगवान एक-आसनी विमानावरून उतरवलेला, जवळजवळ कोरा आणि स्वस्तात मिळालेला. फ्लॅंजचे, म्हणजे क्रँकशाफ्टच्या तोंडावरच्या चकतीचे, सहाही बोल्ट बरोबर बसले, तेव्हा काका म्हणाले, "हा आपल्यासाठीच केलाय." तिथेच विषय संपला.

पिच म्हणजे, लाकडात स्क्रू जातो तसा प्रोपेलर हवेत अजिबात न घसरता गेला तर एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर. ५८ इंच आणि २५०० आरपीएम धरले तर हिशोब ११९ नॉटच्या (तासाला सागरी मैल) आसपास येतो. विमानाचा वेगही कागदावर साधारण तेवढाच होता, त्यामुळे मलाही खटकलं नाही.

अडचण

गवताची धावपट्टी ६४० मीटर, एका टोकाला झाडं. दोघं जण आणि भरलेल्या टाक्या घेऊन जमीन सोडायला ३१० मीटर लागायचे आणि १५ मीटर उंची गाठेपर्यंत ५६० मीटर संपलेले असायचे. ७० नॉटला चढ मिनिटाला ४५० फूट. सकाळच्या गार हवेत हे खपून जायचं.

एका उकाड्याच्या दुपारी काका आणि त्यांचा भाचा गेले. उतरल्यावर इंजिन बंद झालं, पंखा थांबला, तरी काका बराच वेळ हेडसेट न काढता बसून होते. मग म्हणाले, "शेवटच्या झाडावर कावळ्याचं घरटं आहे. काल माहीत नव्हतं." त्या दिवसापासून दोघांनी मिळून जायचं नाही असं ठरलं. दोन आसनांचं विमान एका माणसाचं झालं.

आधी चुकीच्या जागी शोधलं

स्टॅटिक आरपीएम, म्हणजे विमान बांधून ठेवून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर मिळणारे फेरे, पॅनेलवर २२३० दिसत होते. फार वाईट नाहीत, असं मी म्हणालो. फेरे ठीक आहेत आणि ओढ कमी आहे, म्हणजे इंजिन दमलंय, असा निष्कर्ष निघाला आणि आम्ही इंजिनाच्या मागे लागलो. कम्प्रेशन तपासलं. ८० पीएसआय दाबाची हवा आत सोडल्यावर चारही सिलिंडरमध्ये ७४ च्या वर टिकत होतं. मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगी देणाऱ्या यंत्राचं, टायमिंग पाहिलं, कार्ब्युरेटरच्या हीटची झडप नीट बंद होते का पाहिलं, एक्झॉस्ट उतरवून आत डोकावलो. दोन महिने गेले आणि इंजिनात काहीही सापडलं नाही.

टॅकोमीटरवर, म्हणजे फेरे दाखवणाऱ्या मापकावर, संशय घ्यायची बुद्धी मला झाली नाही. ती एका तिसऱ्या माणसाला झाली. त्याने हातात धरायचा ऑप्टिकल टॅकोमीटर आणला आणि आधी शेडमधल्या ट्यूबलाइटकडे धरला. आम्ही हसलो. तो म्हणाला, "बघा तर." वीज ५० हर्ट्झची आणि ट्यूबलाइट जुन्या चोकवाली असेल, तर ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मीटर दोन पात्यांवर लावलेला असेल, तर त्याने ३००० आरपीएम दाखवायलाच हवेत. दाखवले. म्हणजे मीटर खरा आहे. मग बाहेर उघड्या आकाशाखाली, कारण शेडमध्ये हीच लुकलुक वाचन बिघडवते, प्रोपेलरच्या मागून, कॉकपिटमध्ये बसून आकडा घेतला: २१००.

पॅनेलवरचा टॅकोमीटर १३० आरपीएम जास्त दाखवत होता.

या एका आकड्याने चित्र उलटलं. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, फारसा बदलत नाही. त्यामुळे फेरे जेवढे कमी, जवळजवळ त्याच प्रमाणात शक्ती कमी. २१०० आरपीएमला हे इंजिन साधारण ७८ अश्वशक्ती देतं. शंभरातले बावीस घोडे तबेल्यातच बांधलेले, कारण प्रोपेलर इंजिनाला फिरू देत नव्हता. शिवाय त्या अठ्ठ्याहत्तरांचाही नीट उपयोग होत नव्हता. विमान उभं असताना किंवा सावकाश चालत असताना एवढ्या तिरक्या पात्यांवर हवा फार मोठ्या कोनात येते आणि पात्याचा बराच भाग स्टॉल होतो. पातं हवेला कापण्याऐवजी घुसळतं.

वेगाचे आकडेही मग तपासून घेतले. चार दिशांना जीपीएसवर वेग मोजून सरासरी काढली, तर वेगमापक ४ नॉट जास्त सांगत होता. म्हणजे ज्या "११९ नॉट"वर मी समाधान मानलं होतं, त्याच्या दोन्ही बाजू चुकीच्या होत्या.

कार्यक्षम, पण कुठे?

काकांना हवा होता "सगळ्यात कार्यक्षम" प्रोपेलर. एका माहितीपत्रकात ८५ टक्के असा आकडा त्यांनी अधोरेखित करून ठेवला होता. तो आकडा खोटा नसेलही. पण पक्क्या पिचच्या प्रोपेलरची कार्यक्षमता, म्हणजे इंजिनाच्या शक्तीतला विमान पुढे नेण्यात लागणारा भाग, एकच एक नसते. विमानाचा वेग भागिले (फेरे गुणिले व्यास), या गुणोत्तराबरोबर ती बदलते. आमच्या विमानात क्रूझला, म्हणजे सरळ प्रवासाच्या वेगाला, हे गुणोत्तर ०.८ च्या जवळ येतं आणि तिथे चांगला प्रोपेलर ८० टक्क्यांच्या पुढे जातो. ७० नॉटच्या चढात तेच गुणोत्तर ०.५ च्या आसपास आणि कार्यक्षमता ६५ ते ७० टक्के. धावपट्टीवर ब्रेक सोडण्याच्या क्षणी तर ती शून्य, कारण ओढ भरपूर असली तरी विमान अजून हललेलंच नसतं.

म्हणून निवडीचा पहिला प्रश्न कोणता प्रोपेलर घ्यायचा हा नव्हता. विमानाला मदत कुठे हवी, हा होता: झाडांपाशी की दोन तासांच्या सरळ उड्डाणात? काका आठवडाभर उत्तर टाळत राहिले. "दोन्ही" हे उत्तर मिळतं, पण त्यासाठी उडताना पिच बदलणारा प्रोपेलर लागतो.

तोलून पाहिलेले पर्याय

उडताना पिच बदलणारा प्रोपेलर आम्ही सर्वांत आधी बाजूला ठेवला. ओ-२००-ए मध्ये गव्हर्नरसाठी, म्हणजे तेलाच्या दाबाने पिच बदलणाऱ्या यंत्रासाठी, तेलाची सोय नाही, त्यामुळे विजेवर चालणाराच घ्यावा लागला असता. किंमत साध्या लाकडी प्रोपेलरच्या कित्येक पट. नाकावर वजन वाढलं की गुरुत्वमध्य पुढे सरकतो, आणि या विमानाचं नाक आधीच जड होतं.

व्यास वाढवणं मला मनापासून पटत होतं. थोड्या हवेला जोरात ढकलण्यापेक्षा जास्त हवेला हळू ढकललं तर शक्ती कमी वाया जाते. राइट बंधूंचं १९०३ चं विमान १२ अश्वशक्तीवर उडालं, त्यामागे साडेआठ फूट व्यासाचे, मिनिटाला जेमतेम साडेतीनशे फेरे घेणारे दोन प्रोपेलर होते. पण आमच्या बाबतीत गणित केलं तेव्हा उत्साह जरा ओसरला. केवळ व्यासामुळे येणारी सैद्धांतिक कमाल मर्यादा पाहिली, तर क्रूझला ६० इंचांचा प्रोपेलर साडेपंचाण्णव टक्क्यांवर आणि ६८ इंचांचा साडेशहाण्णववर. फरक एक टक्का. चढात तीच मर्यादा साडेचौऱ्याऐंशी आणि सत्त्याऐंशी. म्हणजे व्यासाची खरी कमाई चढात होते, आणि आम्हाला तीच हवी होती.

तरी व्यासाला दोन कुंपणं होती. एक म्हणजे टोकाचा वेग. ६८ इंचांच्या प्रोपेलरचं टोक २७५० आरपीएमला सेकंदाला २४९ मीटर जातं. त्यात १२० नॉटचा पुढचा वेग मिळवला की २५६, म्हणजे ध्वनीच्या वेगाचा पाऊण भाग. लाकडी पात्याची टोकं जाड असतात, तरी इथे काळजी नव्हती. ७२ इंचांना हे ०.८ च्या जवळ जातं, तिथे आवाज आणि रोध दोन्ही वाढायला लागतात. दुसरं कुंपण जमिनीचं. ६६ इंचांना जमिनीपासून २३ सेंटिमीटर अंतर राहत होतं, ६८ ला साडेवीस, ७० ला १८. प्रमाणित विमानांच्या नियमांत नाकाखाली चाक असेल तर ७ इंच, म्हणजे जवळजवळ १८ सेंटिमीटर अंतर मागितलेलं असतं. घरी बांधलेल्या विमानावर ते बंधन नसलं तरी गवतात खड्डे असतात, टायरमधली हवा कमी होते. काकांनी नाकाचा स्ट्रट दाबून, टायरची हवा सोडून, जमिनीवर पट्टी ठेवून स्वतः मोजलं आणि ७० चा विचार सोडला. हा निर्णय पाच मिनिटांत झाला. अख्ख्या प्रकरणातला सर्वांत स्वच्छ निर्णय हाच.

जुनाच प्रोपेलर घासून पिच कमी करून घ्यावा, असंही कुणी सुचवलं. लाकडात थोडाफार बदल कुशल कारागीर करतो, पण सहा इंचांचा नाही. तेवढं काढायला पात्यात लाकूडच उरलं नसतं. धातूच्या प्रोपेलरची टोकं कापून चालवणं तर बोलायचंच नाही. पात्याची कंपनं कापल्यावर बदलतात, आणि इंजिनाच्या ठोक्यांशी ती जुळली तर धातू थकून पातं तुटतं. हे बाहेरून दिसत नाही.

उरला तीन पात्यांचा, जमिनीवर कोन बदलता येणारा कॉम्पोझिट प्रोपेलर. काकांना तो दिसायला फार आवडायचा. मी विरोधात होतो: तीन पाती गुळगुळीत चालतात, कमी व्यासात शक्ती पेलतात, पण व्यासाला जागा असताना दोन पाती हलकी आणि स्वस्त पडतात. आमचं यावर दोन वेळा वाजलं. तोडगा मात्र त्यांनीच काढला.

काय केलं

ओळखीच्या एकाकडे तसला, ६६ इंच व्यासाचा प्रोपेलर शेडमध्ये पडून होता, आणि बनवणाऱ्याच्या यादीत तो आमच्या इंजिनावर चालवायला मंजूर होता. ही खात्री आधी केली. गिअरबॉक्सवाल्या इंजिनासाठीचा प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर लावणं वेगळंच दुखणं आणतं. काका म्हणाले, "विकत नको घेऊ या. पंधरा दिवस मागून घेऊ आणि पट्टीसारखा वापरू." प्रोपेलर म्हणून नाही, मोजण्याचं हत्यार म्हणून.

कोन लावायला एक अख्खी सकाळ गेली. पंचाहत्तर टक्के त्रिज्येवर एक अंश म्हणजे जवळजवळ तीन इंच पिच. अर्धा अंश चुकला तर पन्नासेक आरपीएम इकडेतिकडे होतात, आणि तीन पात्यांत आपापसात अर्ध्या अंशाचा फरक राहिला तर विमान दात वाजवतं. काकांनी एक स्टूल जमिनीला खिळवलं, प्रत्येक पातं फिरवून त्याच स्टुलापाशी आणलं, पात्यावर पेन्सिलने आखलेल्या रेषेवर डिजिटल कोनमापक टेकवला. बोल्ट आवळताना पातं दशांशभर सरकायचं. म्हणून ते आधी तेवढंच उलट लावून मग आवळायचे. लेथवरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

१७, १८ आणि १९ अंशांवर प्रत्येकी तीन उड्डाणं केली, एकच वैमानिक आणि दुसऱ्या आसनावर वाळूची पोती घेऊन, सकाळी सात ते नऊच्या दरम्यान. १७ अंशांना स्टॅटिक २३३०, चढात २४७० आणि मिनिटाला ६९० फूट. पण सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला फेरे २७५० ची लाल रेघ, म्हणजे इंजिनाची कमाल मर्यादा, ओलांडू लागले, थ्रॉटल मागे घ्यावं लागलं. १८ अंशांना स्टॅटिक २२५०, चढ ६५० फूट, सरळ उड्डाणात २७००. १९ ला चढ एकदम ५६० वर घसरला.

क्रूझची तुलना आम्ही सुरुवातीला चुकीची केली. तिन्ही कोनांवर २४५० आरपीएम ठेवून वेग पाहिला आणि १७ अंशांना ६ नॉट कमी आले. काकांचा चेहरा उतरला. पण कमी पिचवर त्याच फेऱ्यांना इंजिन कमी शक्ती देत असतं, इंधनही कमी पीत असतं. मग तासाला २१ लिटर इंधन हे माप धरून, इंधन-हवेचं मिश्रण एकाच पद्धतीने पातळ करून पुन्हा उडवलं. आता १९ आणि १८ अंशांत फरकच सापडेना, आणि १७ फक्त २ नॉटने मागे. उरलेला तोटा वेगाचा नव्हता, कानांचा होता: इंजिन जास्त फेऱ्यांवर ओरडत होतं.

१८ अंश पक्के झाले. पण नवा लाकडी प्रोपेलर मागवताना आम्ही पिचचा आकडा सांगितला नाही. लाकडी प्रोपेलरचं पिच बहुतेकदा पात्याच्या मागच्या सपाट बाजूवर मोजतात. पात्याची फुगवट वेगळी असली की एकाचं ५४ दुसऱ्याच्या ५२ सारखं वागतं. आम्ही कारागिराला इंजिन, खऱ्या टॅकोमीटरचे सगळे आकडे, खरे वेग, वजन, काउलची (इंजिनावरच्या आवरणाची) रुंदी आणि "६८ इंचांच्या वर नको" एवढंच कळवलं. त्याने ६८ बाय ५३ पाठवला. पॅनेलवरचा टॅकोमीटर बदलला तोही याच आठवड्यात.

परिणाम

स्टॅटिक २२७०, चढात २४१० आणि मिनिटाला ६७० फूट. जमीन सोडायला २३५ मीटर, १५ मीटर उंचीपर्यंत ४२०. सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला २७२०, म्हणजे लाल रेघेच्या किंचित आत. २१ लिटरला वेग जुन्या प्रोपेलरपेक्षा १ नॉट कमी. हा एक नॉट काकांना आजही आठवतो.

पहिल्या उड्डाणात बारीक थरथर होती. पात्यांची टोकं एका रेषेत फिरतात का पाहिलं, तर ४ मिलिमीटरचा फरक. लाकडाला ३ पर्यंत चालतो. सहाही बोल्ट सैल करून समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळले, तेव्हा तो दीडवर आला. बोल्ट पहिल्या तासानंतर पुन्हा तपासले आणि नंतर २५ तासांनी. तेव्हा हवा कोरडी झाली होती, लाकूड आकसलं होतं आणि दोन बोल्ट जवळजवळ पाव फेरा फिरले. कागदावर तारीख नसती तर हे कुणी पाहिलं नसतं. सैल बोल्टांवर प्रोपेलर फ्लॅंजवर घासतो आणि भोकांभोवतीचं लाकूड जळून काळं पडतं. आता प्रत्येक ऋतुबदलाला टॉर्क रेंच निघतो आणि विमान उभं करताना पाती आडवी ठेवली जातात, म्हणजे ओल एकाच पात्यात उतरत नाही.

आज करायचं झालं तर

टॅकोमीटर पहिल्या दिवशी तपासला असता. इंजिन उघडण्याचे ते दोन महिने माझ्या खात्यावर आहेत. २२३० हा आकडा मी कुठून आला हे न विचारता मान्य केला आणि त्यावर पुढचं सगळं रचलं.

चाचण्यांच्या नोंदीत तापमान आणि हवेचा दाब मी तिसऱ्या दिवसापासून लिहायला लागलो. पहिल्या दोन दिवसांचे चढाचे आकडे त्यामुळे फेकून द्यावे लागले आणि १७ अंशांची उड्डाणं पुन्हा केली. साडेसतरा अंशांवरही एक फेरी करायला हवी होती. १७ ला लाल रेघ ओलांडली आणि १८ ला थोडी जागा उरली, मधला कोन वेळेअभावी सुटला. कारागिराने ५३ दिला, त्याने ती जागा नकळत भरून काढली. हे आमचं कौशल्य नव्हतं.

आणि एक मुद्दा अजून मिटलेला नाही. काकांचं म्हणणं, ८००० फुटांवर हवा विरळ असते, इंजिन पूर्ण थ्रॉटलला ७५ टक्क्यांच्या आसपासच शक्ती देतं, तिथे लाल रेघ ओलांडायची भीती नाही. मग त्या उंचीसाठी पिच ५५ का नको? माझं म्हणणं, ते विमान आठवड्यातून चार वेळा त्याच गवतावरून उठतं आणि ८००० फुटांवर वर्षातून दोनदा जातं. त्यांनी उड्डाणांची वही काढून मोजलं. तीनदा निघालं. जुना ५८ पिचचा प्रोपेलर अजून शेडमध्ये, आडवा, दोन खुंट्यांवर टांगलेला आहे, आणि त्याच्या हबवर खडूने लिहिलंय: खरा आरपीएम २१००.